रत्नाबाईंच्या खिळ्यावर आईच्या किल्ल्या

रत्नाबाईंना कुणी तब्येत विचारली तर त्या स्वतःबद्दल काही सांगत नसत. डोळे बारीक करून समोरच्याकडे बघत आणि उलट विचारत, "तुमचं काय दुखते?" आमच्या सावली गावच्या आठवडी बाजारात, लग्नाच्या पंगतीत, बसस्टँडवर, कुठेही. आणि गंमत म्हणजे माणूस सांगायचा. खांदा म्हणायचा, कंबर म्हणायचा, छातीत जळजळ होते म्हणायचा. त्यावर त्यांचा दुसरा प्रश्न ठरलेला असे. "बरं. मंग मनात कोन हाय?"

पहिल्यांदा लोक हसत. मग हसता हसता एखादं नाव तोंडातून निघून जाई, भावाचं, सुनेचं, कधी मेलेल्या माणसाचंही, आणि वांग्यांच्या ढिगापाशी पिशवी धरून उभा असलेला चांगला भरभक्कम माणूस वांगी घ्यायचं विसरून जाई. रत्नाबाई दोन्ही तळहात एकमेकांवर घासत, शेकोटीपाशी बसल्यावर घासतात तसे, आणि म्हणत, "येऊन जा घरी. हात ठेवून देते."

मला त्यांचा हेवा वाटायचा. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर पुढे वाचताना कुणी मला मोठ्या मनाची समजेल. आता त्या नाहीत, तरी वाटतो. मेलेल्या माणसाचा हेवा करणं सोपं नसतं, कारण त्याच्यात नवी खोट सापडत नाही. पण मी नेटाने करते.

रत्नाबाई मूळच्या आमच्या सावलीच्याच. लग्न होऊन घुग्घुसला गेल्या. नवरा तिथे सिमेंटच्या कारखान्यात होता. सकाळी घासून पालथी घातलेली भांडी संध्याकाळी पुन्हा धुवावी लागत, अशी तिथली धूळ. त्यांना दमा लागला. शेजारच्या क्वार्टरमधल्या एका तेलुगू बाईंनी त्यांना चंद्रपूरला रेकीच्या वर्गाला नेलं. रेकी म्हणजे काय ते त्यांनी मला एकदा ब्लाउजला काजं करता करता सांगितलं. अंगावर हात ठेवायचे. दाबायचं नाही, चोळायचं नाही, नुसते ठेवायचे आणि वाट बघायची. त्या वर्गात कुणीतरी त्यांच्या छातीवर हात ठेवले आणि त्या लहानपणी गेलेल्या बहिणीसाठी ढसाढसा रडल्या. मग दमा गेला का, असं मी जरा खोचकपणेच विचारलं.

"दमा कायले जाते," त्या म्हणाल्या. "पंप अजूनही पिशवीत हाय. पन आता मरतो का काय, म्हणून रातभर जागी रायत होती, ते गेलं. तेवढं लय झालं."

नवरा वारल्यावर त्या माहेरच्या घराच्या पुढच्या दोन खोल्यांत राहायला आल्या. कोपऱ्यात शिलाई मशीन, मधे खाट, आणि भिंतीवर एका जपानी म्हाताऱ्याचा फोटो. ते रेकीचे मूळ गुरू. खेड्यांतून येणाऱ्या बायका त्यांना रत्नाबाईंचे सासरे समजून डोक्यावरून पदर घेत. रत्नाबाईंनी त्यांना कधी दुरुस्त केलं नाही. दाराशेजारच्या भिंतीत ओळीने खिळे ठोकलेले होते. खाटेवर पडण्याआधी अंगावरचा धातू काढून त्या खिळ्यांना अडकवायचा, असा त्यांचा नियम. घड्याळं, पट्टे, मोटारसायकलच्या चाव्या, चांदीचे करदोटे. दार उघडंच असे, त्यामुळे रस्त्याने जाताना नुसत्या खिळ्यांकडे बघून आत कोण आहे ते सगळ्या गावाला कळायचं.

तांदळाच्या मिलचा एक मालक एकदा छाती धरून, घामाने भिजून त्यांच्या दारात आला. त्याला त्यांनी खाटेवर घेतलंच नाही. मनात कोण आहे तेही विचारलं नाही. रस्त्यावर जाऊन ऑटो थांबवला, स्वतः शेजारी बसल्या आणि त्याला गडचिरोलीच्या दवाखान्यात पोचवून आल्या. "हे माह्या हाताचं काम नाई," एवढंच म्हणाल्या. येणाऱ्या प्रत्येकाला त्यांची तंबी असे की डॉक्टरची गोळी बंद करायची नाही, त्या गोळीच्या आड येत नाहीत. तो मालक वाचला, आणि खरं सांगते, मी थोडी हिरमुसले. तो वाचला म्हणून नाही. पण रत्नाबाईंनी एकदा तरी काहीतरी चूक केली असती, तर मला जन्मभर बोलायला मिळालं असतं.

मी इथल्याच शाळेत मराठी शिकवते. माझी अर्धशिशी जुनी आहे. उजवं कानशील ठणकायला लागलं की उजेड सोसत नाही आणि माणसंही सोसत नाहीत. पहिल्यांदा मी त्यांच्याकडे ब्लाउजचं कापड टाकायला गेले तेव्हा कपाळाला बाम होता. त्यांनी नाकाने वास घेतला.

"डोकं दुखते का मॅडम? मंग मनात कोन हाय?"

मनात कुणी नाही, चष्म्याचा नंबर वाढलाय, असं मी सांगितलं. त्या "बरं" म्हणाल्या आणि टेप काढून माप घ्यायला लागल्या. त्यांचं ते "बरं" मला अजून टोचतं. कारण मनात कोण आहे हे मला पक्कं माहीत होतं. ती त्या वेळी घरी दारात सूप घेऊन तांदूळ निवडत बसली होती.

माझी आई बोलणारी बाई नाही. वडील लवकर गेले. धानाची शेती, मी आणि धाकटा भाऊ, हा सगळा संसार तिने कमरेच्या एका जुडग्यावर चालवला. कोठीची, कपाटाची, पेटीची, सगळ्या किल्ल्या त्यात. झोपतानाही तो कमरेला असायचा. बारावीनंतर मला नागपूरला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता. ट्रंक भरून, कुलूप लावून दारात ठेवली होती. सकाळची बस होती. आईने ट्रंकेची किल्ली उचलली, आपल्या जुडग्यात अडकवली आणि धानाच्या रोवणीला शेतावर निघून गेली. जा म्हणाली नाही, जाऊ नको म्हणाली नाही. कुलूप काय, कुठेही तोडता आलं असतं. पण तिला काय सांगायचंय ते मला कळलं होतं. मी ट्रंकेवर बसून राहिले आणि बस गेली.

पुढे भाऊ शिकून पुण्याला स्थिरावला. मी डी.एड. करून इथेच शिक्षिका झाले, लग्न राहून गेलं, आणि आम्ही दोघी त्या घरात एकमेकींचं करत राहिलो. मला आईकडून फार काही नको होतं. त्या सकाळबद्दल तिने एक वाक्य बोलावं, बस. "गरज होती" म्हणाली असती तरी मला चाललं असतं. त्या एका वाक्याची मी अर्धं आयुष्य वाट बघितली. आई थकत चालली होती, आणि ते न बोलताच ती जाईल अशी मला धास्ती वाटायची.

अशात एक दिवस शाळेतून येताना मला रत्नाबाईंच्या खिळ्यावर आईच्या किल्ल्यांचा जुडगा दिसला.

मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या वेळी नर्सने तो काढायला सांगितला तेव्हा आई त्या नर्सशी कडाकडा भांडली होती. एकदा ती तापली असताना, तिची कूस बदलून देताना मी तो सोडायला गेले, तर तिने झोपेतसुद्धा माझा हात धरला होता. आणि इथे तो कुणा परक्या माणसाच्या पट्ट्याशेजारी उघड्यावर लटकत होता. मी घरी जाऊन नुसतीच पाणी पीत बसले. आई आली, मी विचारलं, तर म्हणाली की गुडघे दुखतात, रत्नाकडे जाऊन पडते थोडी. रत्ना! माझं नावसुद्धा ती गरज असल्याशिवाय घेत नाही.

मग ते रोजचंच झालं. दुपारी मी शाळेत असताना ती जायची. माझी मधली सुट्टी व्हायची आणि मी काहीतरी काम काढून त्या रस्त्याने जायची. एकदा पडदा वाऱ्याने बाजूला झाला होता. आई खाटेवर पडलेली, डोळे मिटलेले. रत्नाबाई उशाशी स्टुलावर. त्यांचे हात आधी आईच्या कपाळावर होते, मग कानशिलांवर, मग डोक्याच्या मागे. कितीतरी वेळ मी उभी होते, पण ते हात एकदाही गुडघ्यांकडे गेले नाहीत. आणि आई बोलत होती. सलग, न थांबता, तिचे ओठ हलत होते. रस्त्यावरून धानाची पोती भरलेला ट्रॅक्टर धडधडत गेला आणि मला एक अक्षर ऐकू आलं नाही. त्या ट्रॅक्टरवाल्याचाही मला तेव्हा राग आला.

घरी मी आईला टोमणा मारला. दुखतात गुडघे आणि हात डोक्यावर, हे कसलं औषध? "तिले समजते," आई म्हणाली आणि तांदूळ धुवायला घेतले. डोळे सुजलेले होते, पण तोंडावर असं काही होतं, जसं दिवसभराची रोवणी आटोपून नदीवर पाय धुतल्यावर बायकांच्या तोंडावर असतं. मी तिचं करून करून दमले, पण माझ्यामुळे तिच्या तोंडावर ते कधी आलं नव्हतं.

लाखोळीच्या डाळीचे वडे आमच्याकडे सणाला होतात. ते आता भलत्याच दिवशी व्हायला लागले आणि पहिला घाणा डब्यातून रत्नाबाईंकडे जाऊ लागला. थंडीत वडसा गावच्या नाटक मंडळीचा खेळ जवळच्या गावी लागला, तर रत्नाबाई आईला शाल पांघरून घेऊन गेल्या. मी कितीदा तिला नाटकाला चल म्हटलं होतं. तेव्हा गुडघे आडवे यायचे. दुसऱ्या दिवशी दोघी त्या खेळातल्या खाष्ट सासूची नक्कल करून हसत होत्या. आईला नक्कल करता येते हे मला या वयात कळलं, तेही दुसऱ्याच्या अंगणात.

शेवटी मी सरळ जाऊन विचारलं, आई तुम्हाला काय सांगते? रत्नाबाई मशीनमध्ये दोरा ओवत होत्या.

"मावशी सांगते ते मावशीले इचारा."

"ती मला सांगत नाही."

"मंग मी कशी सांगू, मॅडम? हाताखाली जे निघते ते माह्यं नसते." दोरा सुईत गेला. त्यांनी मान वर केली आणि नेहमीचा प्रश्न विचारला, "तुमचं डोकं कसं हाय?"

हे त्यांचं नेहमीचं होतं. भेटल्या की आधी माझं डोकं. परवा दुखलं का, किती वेळ दुखलं, उजवीकडेच का. मला वाटायचं, मी त्यांच्या खाटेवर जाऊन पडत नाही याचा त्या सूड घेतायत. त्या वर्षी माझं दुखणं जरा कमी झालं होतं हे खरं आहे. पण मी नवा चष्मा घेतला होता, हेही तितकंच खरं आहे, आणि मी तसं त्यांना ठणकावून सांगितलं. त्या "बरं" म्हणाल्या.

त्यांच्याबद्दल एकच गोष्ट अशी आहे की जी सांगताना मला मत्सर आड येत नाही. जंगलाकडच्या गावातली सोमीबाई नावाची एक गोंड बाई त्यांच्याकडे यायची. मोहफुलं वेचताना तिच्या जावेला वाघाने नेलं होतं, तिच्या डोळ्यांदेखत. तेव्हापासून तिला घास गिळता येत नव्हता. डॉक्टरांनी घसा तपासला, काही निघालं नाही. रत्नाबाईंनी तिच्या गळ्याशी हात ठेवले, पण तो ठरलेला प्रश्न तिला विचारला नाही. मी कारण विचारलं तर म्हणाल्या, "मनात कोन हाय ते दिसून राह्यलं. मंग काऊन इचारू?" पुढच्या वर्षी मोह गळायला लागल्यावर त्या पहिल्या बसने तिच्या गावी गेल्या आणि तिच्याबरोबर जंगलात शिरल्या. दम्याची बाई, वाघाच्या रानात. दोघींनी टोपलीभर फुलं वेचली आणि सोमीबाईने त्या झाडाखालीच शिदोरी सोडून खाल्ली. मला हे आईने सांगितलं. म्हणजे पुन्हा हेवा आलाच. असलं काही मला रत्नाबाईंकडून थेट कळत नसे.

गेल्या पावसाळ्यात त्यांचा दमा बळावला. दवाखान्यात राहून आल्या, पण श्वास पुरेनासा झाला होता. मग मी जे पाहिलं ते गावात पूर्वी कुणी पाहिलं नसेल. ज्यांच्या ज्यांच्या अंगावर त्यांनी हात ठेवले होते, त्या बायका येऊन त्यांच्या अंगावर हात ठेवून बसू लागल्या. बांगड्या काढून खिळ्यांना अडकवायच्या आणि खाटेभोवती बसायचं. कुणी पायांशी, कुणी पाठीशी. सोमीबाई दोन बस बदलून आली. उशाशी मात्र आई. ती जागा तिने कुणाला दिली नाही. माझे वडील गेले तेव्हा ती दुसऱ्या दिवशी बैलांना पाणी दाखवायला उठली होती. इथून ती जेवायलाही उठेना. मी डबा घेऊन जायची आणि दाराशी उभी राहायची.

रत्नाबाईंनी मला एकदा जवळ बोलावलं. बोलताना त्यांना मधे थांबावं लागत होतं.

"मॅडम, मावशी शिकली आता," त्या म्हणाल्या. "तुमी फकत हलू नोका."

मला वाटलं, दुखण्याने त्या बरळतायत. आई या वयात रेकी शिकली, याचं मला काय, असंही मनात आलं. मी मान हलवली आणि डबा ठेवून शाळेत गेले. त्यानंतर दोन दिवसांनी त्या गेल्या. आईने त्यांच्या हातांना तेल लावलं, स्वतःच्या हाताने, बोटानबोट. मग जुडगा खिळ्यावरून काढून कमरेला अडकवला आणि माझ्यामागून घरी आली.

त्यानंतर आई पुन्हा पहिल्यासारखी झाली. वडे बंद, हसणं बंद. मला मनातून बरं वाटलं, आणि त्याच वेळी तिचं ते तोंड बघवेना. आता ते वाक्य गेलं, असं मी धरून चालले होते. आईने ते ज्या माणसाला दिलं असेल ते माणूस घेऊन गेलं.

रोवणी संपत आलेली होती. रविवारची दुपार. माझं कानशील सकाळपासून ठणकत होतं. खिडक्या लावून, डोळ्यांवर ओला पंचा टाकून मी पडले होते. आईची पावलं आली. मग उशाजवळच्या स्टुलावर काहीतरी खळकन ठेवल्याचा आवाज आला. तो आवाज मी लहानपणापासून ओळखते, पण नेहमी तो तिच्या चालण्याबरोबर यायचा. मग कोरडे तळहात एकमेकांवर घासल्याचा आवाज. पंचा बाजूला झाला आणि माझ्या कपाळावर तिचे हात आले.

माझ्या आठवणीत आईने माझ्या डोक्याला असा हात लावलेला नाही. मी उठायला लागले.

"हलू नोको, सुनी," ती म्हणाली. आणि हात तसेच ठेवून म्हणाली, "तू काई रत्नाकडं जात नव्हती. तिनं मले सांगतलं होतं, ज्याचं दुखते ते येत नसन, त ज्याच्यामुळं दुखते त्यानं येऊन पडावं. म्हणून जात होती मी. तुह्या जागी पडत होती."

मी गुडघ्यांचं विचारलं. "गुडघे त दुखतेच," ती म्हणाली. हात कपाळावरून कानशिलांवर आले.

"ट्रंकेची किल्ली मी घेऊन गेली होती. रोवनीत चिखलात उभी होती न बस गेली, ते आयकू आलं. मले वाटलं, पोरगी कुलूप तोडून जाईन. गेली असती त मी रडली असती, पन मले बरं वाटलं असतं. घरी येऊन पायते, त तू ट्रंकेवर बसून होती. तवापासून तुह्यं डोकं दुखते."

हेच ते. मी ज्याची वाट बघत होते ते, आणि मागितलं होतं त्याहून जास्त. मला रडू फुटलं, पण मी शिक्षिका आहे, आणि रडता रडताही माझ्या कानांनी एक गोष्ट टिपली. आई कुठेही अडखळली नव्हती. चिखल, बस, ट्रंक, सगळं आपापल्या जागी, पाठ असल्यासारखं आलं होतं. म्हणजे पहिल्यांदा जेव्हा ते निघालं असेल, तुटक, हुंदके देत, शब्द सापडत नसताना, तेव्हा ते रत्नाबाईंनी ऐकलं होतं. त्या खाटेवर ते कितीदा निघालं असेल, तेव्हा कुठे ते माझ्यापर्यंत येण्याजोगं झालं. माझी आई माझ्यासाठी रडली, आणि ते रडणं त्या बाईच्या वाट्याला आलं.

आईचे हात कानशिलांवरून डोक्याच्या मागे गेले. तोच क्रम, तेच थांबणं. हात आईचे होते आणि रीत सगळी रत्नाबाईंची. मला त्यांचा इतका हेवा त्या जिवंत असतानाही कधी वाटला नव्हता. डोकं झटकून उठावं, असं एकदा मनात आलं.

मी हलले नाही.